अक्कानं पाहिलेली कृष्णा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते ना, त्या दिवशी मी हजेरी जरा उशिरा घेतो. आधी परिपाठ होऊ देतो, फळा पुसतो, खिडक्या उघडतो आणि मग हजेरीपट हातात घेतो. तिसरी-चौथीचा मिळून माझा पट ३१ चा. समोर बसलेली असतात १२ किंवा १३. तरी नावं मी सगळी वाचतो, एकही गाळत नाही, आणि समोरची पोरं गेलेल्यांच्या वतीनं उत्तर देत राहतात, "कारखान्याला गेलं सर," "ती बी गेली सर, परवाच्या ट्रकात," "त्यांचं तर समदं घरच गेलं, कुलूप हाय." आमच्याकडं ऊस तोडायला गेलं असं कुणी म्हणत नाही, कारखान्याला गेलं असंच म्हणतात. आठ-नऊ वर्षांचं पोरगं कारखान्याला गेलं हे वाक्य मी गेली १५ वर्षं हजेरीच्या वेळी ऐकतोय आणि अजून कानाला त्याची सवय झालेली नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. जमीन मुरमाड, पाऊस आला तर आला, एक खरीप निघतं तेवढंच, त्यामुळं दसऱ्याच्या आसपास मुकादमांच्या, म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमवणाऱ्यांच्या, चकरा सुरू होतात आणि दिवाळीच्या आगंमागं ट्रक, ट्रॅक्टर भरून निम्मं गाव सांगली, सातारा, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकाकडं निघतं, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. नवरा-बायको मिळून एक कोयता. हो, दोन माणसं मोजायची आणि म्हणायचं एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादम आधीच उचल देतो, ती बहुतेक घरात पावसाळ्यातच लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपलेली असते आणि मग सहा महिने तोडलेला ऊस त्या उचलीत वळता होत राहतो, नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर. वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, मराठा, सगळ्या जातीची माणसं या ट्रकात असतात. आणि त्यांच्या मधे, पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, शेळ्या, कोंबड्यांचं खुराडं यांच्या बेचक्यात माझे १८-१९ विद्यार्थी.

मी त्याच ट्रकातल्या घरातला. फरक एवढाच की मला ट्रकात बसवलं नाही, अक्काला बसवलं. मला जे काही लिहायचंय ते खरं तर या एका वाक्याबद्दलच आहे.

१९९५ ची दिवाळी होती. मी चौथीला, अक्का सहावीला आणि धाकटा भाऊ सहा महिन्यांचा. तोवर आम्ही दोघं आजीपाशी राहून शिकत होतो. त्या वर्षी आजीचे गुडघे धरले, पाणी आणणंही होईना. रात्री जेवताना आबा म्हणाले, "फडात लेकराकडं कोण बघील?" माय काही बोलली नाही. आजी म्हणाली, "मला आता एकच सांभाळणं व्हईल." झालं, एवढंच बोलणं. दोघांतलं एक कोण, हे कुणी विचारलं नाही, कुणाच्या मनातही आलं नाही, अक्कानं स्वतःही विचारलं नाही, ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली. माझ्या आई-बापाचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही, कारण त्या घरात त्या रात्री दुसरा रस्ता कुणाला दिसतच नव्हता. पण त्या जेवणात एका पोरीची शाळा संपली आणि एका पोराची चालू राहिली, हे खरंय.

अक्का नकाशे फार सुंदर भरायची. दुकानात छापील नकाशे सुट्टे मिळायचे, महाराष्ट्राची नुसती बाह्यरेषा असलेले, त्यात नद्या, डोंगर, जिल्हे भरायचे. तिचा हात इतका स्थिर की गोदावरी काढताना पेन्सिल एकदाही उचलायची नाही. जाताना तिचा एक नकाशा अर्धा राहिलेला होता, गोदावरी झालेली, भीमा झालेली, कृष्णा राहिलेली. मी तो जपून ठेवला आणि जानेवारीत कधीतरी निळ्या पेन्सिलीनं कृष्णा भरून टाकली, तेवढंच तिचं काम पूर्ण केल्याचं समाधान. पाडव्याला ते लोक परत आले. अक्का काळी पडलेली, तळहाताला भेगा, केसात पाचटाचा, उसाच्या वाळक्या पाल्याचा, भुगा. मी धावत जाऊन नकाशा दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "कृष्णा एवढी बारीक नसती रे. लई मोठी आसती. मी तिच्यात धुणं धुतलंय."

कराडच्या बाहेर त्यांच्या टोळीच्या कोप्या होत्या, कोप्या म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या. त्या सहा महिन्यांत अक्कानं काय काय पाहिलं ते ती तुकड्या-तुकड्यानं सांगायची. पहाटे तीन-चारला माय-आबा फडात गेले की हिनं उठायचं, चुलीवर भाकरी टाकायच्या, भावाला कडेवर घेऊन डोक्यावर जेवण घेऊन फडात जायचं, तिथं पाचटावर त्याला निजवून मोळ्या बांधू लागायचं, संध्याकाळी वाढं विकायला बसायचं. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, गुराला घालतात. हिशोब ती तोंडी करायची, पेंढ्यांचे पैसे कधी चुकले नाहीत म्हणे. आणि एकदा बोलता बोलता म्हणाली, वाढं घेऊन जाताना रस्त्यात एक हायस्कूल लागायचं, त्याच्या पाटीवर वडाचं झाड होतं, पारंब्यावालं. पोरी निळ्या-पांढऱ्या ड्रेसात आत जायच्या. "मी कडंला उभी राहून प्रार्थना ऐकायची, आपल्या शाळंत व्हती तीच." मग भाऊ रडायला लागायचा, मग ती पुढं जायची.

त्या वडाच्या झाडाचा अर्थ मला पुढं डीएडला कळला. रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह. भाऊराव पाटलांनी १९१९ साली ही संस्था काढली ती कराड तालुक्यातल्या काले गावात. म्हणजे अक्का वाढं घेऊन ज्या मुलखातनं चालत होती तिथंच. भाऊरावांनी ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं ती पोरं कोण, तर शेतमजुराची, गावकुसाबाहेरची, ज्यांच्या घरात अक्षर नाही अशांची. अक्काचीच. त्या शाळेतल्या कुणाचा काही दोष नव्हता, त्यांना ती कोपीतली पोरगी माहीतच नव्हती, आबांनाही तिथं जाऊन विचारावं असं सुचलं नाही, सुचलं असतं तरी मग लेकरू कोण सांभाळणार हा प्रश्न तिथंच उभा होता. पण वर्गात सर शिकवत होते, "रयतचे बोधचिन्ह वटवृक्ष," सगळे लिहून घेत होते, आणि माझा पेन चालेना.

मग मी ते सगळं नीट वाचायला लागलो. परीक्षेपुरतं नाही, घरातलं काहीतरी हरवलेलं शोधावं तसं. आणि मला सगळ्यात जास्त कुठं थांबायला झालं सांगू का, तर शाळेपाशी नाही, स्वयंपाकघरापाशी. १९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, हातानं रांधायची, एका पंक्तीला बसायची, शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा एका पाणवठ्यावर पाणी भरण्यावरून डोकी फुटत होती. १९२७ ला गांधीजी आले आणि त्यांनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं. हे पुस्तकात असतंच. पण त्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचं सोनं विकायला काढलं, एकेक करत सगळं गेलं, शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्या काळातल्या, सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईनं सगळ्या जातीच्या पोरांना आपलं म्हटलं आणि त्यांच्या भाकरीसाठी मंगळसूत्र काढून दिलं. १९३० ला त्या गेल्या. संस्था मोठी झालेली त्यांनी पाहिलीच नाही.

मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की शिक्षणाच्या इतिहासात कुणीतरी भाकरी थापत बसलेलं असतंच, आणि ती भाकरी कुणी थापायची यावर कोण शिकणार ते ठरतं. लक्ष्मीबाईंनी ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी थापली म्हणून ती पोरं शिकली. आमच्या घरात ती १२ वर्षांच्या अक्कानं थापली म्हणून मी शिकलो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे केवढं लवकर कळलं होतं. त्यांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहं काढायला सुरुवात केली. मराठ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैनांसाठी, मुसलमानांसाठी, लिंगायतांसाठी, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, एकामागून एक. जातवार वसतिगृहं का काढली म्हणून आज कुणी नाक मुरडतं, पण तेव्हा खेड्यातनं आलेल्या पोराला कोल्हापुरात भाड्यानं खोली कोण देणार होतं, जेवायला कोण वाढणार होतं? राजाला समजलं की शाळेचं दार उघडं ठेवून भागत नाही, रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसेल तर ते दार पोराला लांबूनच दिसत राहतं. आणि पुढं १९१९ ला त्यांनीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. आधी राहायची सोय, मग एकत्र बसणं. यात मला फार मोठं शहाणपण दिसतं.

अक्काच्या शाळेला फी नव्हती हो. मुलींना बारावीपर्यंत फी नाही हे आपल्या राज्यात ऐंशीच्या दशकातच झालं होतं. पुस्तकं मिळत होती. शाळा घरापासून पाच मिनिटांवर. कागदावर बघाल तर अक्काच्या वाटेत काहीच आडवं नव्हतं.

माझं पुढं काय झालं तर, मी सातवीत असताना आजी गेली. आता मलाही ट्रकात बसवायचं घाटत होतं, आबा म्हणत होते पोरगं हाताखाली येईल, अर्धा कोयता होईल. गावातल्या एका गुरुजींनी आबांना पारावर गाठलं, दोन-तीन दिवस मागं लागले आणि आठवीला मला तालुक्याच्या मागासवर्गीय मुलांच्या सरकारी वसतिगृहात नेऊन घातलं. एका खोलीत आठ-नऊ जण, लोखंडी खाटा, एक ट्यूबलाइट. सकाळी साडेनऊला आणि रात्री साडेसातला घंटा व्हायची, वाटी-ताटली घेऊन रांगेत उभं राहायचं, दोन पोळ्या, भात, वरण, एक भाजी. मी पहिल्या रात्री जेवलो आणि मला आठवतंय, उद्या काय खायचं हा विचार न करता मी झोपलो. तेरा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. ती ट्यूबलाइट रात्री दहापर्यंत चालू असायची आणि त्या उजेडाचं मला इतकं अप्रूप होतं की अभ्यास संपला तरी मी काहीतरी वाचत बसायचो. मोठी पोरं होती, बारावीची, कॉलेजची, त्यांच्याकडं आंबेडकरांचं चरित्र होतं, फुल्यांची पुस्तकं होती, १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला ती भाषणं करायची, आम्ही ऐकायचो. शाळेनं मला पास केलं, पण उभं केलं ते त्या वसतिगृहानं.

आणि त्या वेळी आमच्या तालुक्यात मुलींचं सरकारी वसतिगृह नव्हतं. एकही नव्हतं.

मुकादमाच्या वहीची एक गोष्ट सांगतो. आठवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हिशोबाला मुकादम घरी आला. आबांचा तोवरचा सगळा व्यवहार अंगठ्यावर. माय म्हणाली, "आता पोरगं शिकलंय, त्याला बघू द्या." मी वही घेतली. छातीत धडधडत होतं, कारण वसतिगृहात ऐकलेलं होतं की मुकादम बेरजेत फसवतात. मी एकेक आकडा बोट ठेवून दोनदा मिळवला, टन, दर, उचल, किराणा, सगळं. बेरीज बरोबर होती. एका रुपयाचा फरक नव्हता. मी मान हलवली, आबांनी अंगठा दिला. एक ओळ मात्र माझ्या डोक्यात राहिली, 'खाडे ४, रु. २००.' खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस, त्याचे पैसे उलटे आपल्याकडनं कापतात. रात्री मायला विचारलं, चार खाडे कसले? तर धाकट्याला न्युमोनिया झालेला, त्याला घेऊन ती आणि आबा दोन दिवस दवाखान्यात होते. दोघांचे दोन दोन, चार. आजारी लेकराजवळ बसल्याबद्दल दंड, आणि तो मी स्वतः बरोबर आहे म्हणून मान हलवून मंजूर केला होता.

ही गोष्ट मी डीएडच्या पोरांना, नवीन शिक्षकांना नेहमी सांगतो. बेरीज यायलाच पाहिजे, ती आलीच नाही तर वही हातात घ्यायची हिंमत होत नाही. पण शाळेनं मला बेरीज तपासायला शिकवलं होतं, खाडा कुणी ठरवला हे विचारायला शिकवलं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं जे निवेदन दिलं त्यात हाच प्रश्न सरकारला विचारलेला आहे. तिजोरीतला पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे कसं काय? खालच्यांच्या प्राथमिक शिक्षणाकडं बघा, ते निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा. म्हणजे बेरजेवर न थांबता त्यांनी वहीच मागितली. उसाच्या मुलखात आज फिरलात तर दिसेल, साखरेच्या पैशावर केवढाल्या शिक्षणसंस्था उभ्या आहेत, इंजिनिअरिंग, मेडिकल, सगळं. त्या झाल्या याचा मला आनंदच आहे, तिथल्या शेतकऱ्यांची पोरं शिकली. पण ती साखर ज्या हातांनी तोडली त्या हातांच्या पोरांसाठी गाळप हंगामात कोपीजवळ एक खोली, एक शिक्षक, यासाठी इतकी वर्षं झगडावं लागतं. साखरशाळा, म्हणजे ऊसतोड्यांच्या पोरांसाठी हंगामापुरत्या शाळा, निघाल्या, काही चांगल्या चालल्या, कितीतरी बंद पडल्या.

फुल्यांनी मागणी केली १८८२ ला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं १९११ ला, ते नामंजूर झालं. शिक्षण हक्क कायदा झाला २००९ ला आणि लागू झाला १ एप्रिल २०१० ला. १२८ वर्षं लागली. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं भांडतो, त्यात वयाप्रमाणे वर्गात प्रवेश द्या असं आहे, दाखल्यासाठी अडवू नका असं आहे, एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा पाहिजे असं आपल्या राज्याचा नियम सांगतो. फक्त माझ्या वर्गातल्या पोरांचं घरच वर्षातले सहा महिने तीन-चारशे किलोमीटर सरकतं, तेव्हा तो एक किलोमीटर कुठनं मोजायचा?

आता अलीकडं कमी पटाच्या शाळांचं चाललंय. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात १५ हजारांच्या आसपास आहेत, त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात असा विचार २०२३ पासून पुढं आला. मोठी शाळा, जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, गाडीची सोय, ऐकायला वाईट नाही आणि काही ठिकाणी चांगलंही होईल. पण तांड्यावरची, वस्तीवरची शाळा गेली की सगळ्यात आधी कोण घरी बसणार ते मला माहीत आहे, कारण मी ते घर बघितलंय. पोराला गाडीत बसवतील. पोरीला म्हणतील, लांब हाय, राहू दे. पट कमी आहे म्हणजे गरज कमी आहे असं नसतं, उलट जिथं पट कमी तिथली माणसंच बहुतेक सगळ्यात जास्त अडलेली असतात.

आमच्या शाळेत आता हंगामी वसतिगृह चालतं. शासनाची योजना आहे, आई-बाप कारखान्याला गेले की मागं राहिलेल्या मुलांची सहा महिने जेवणाची आणि अभ्यासाची सोय गावातच, बचत गटाच्या बाया स्वयंपाक करतात, मुलं रात्री आजी-चुलतीकडं किंवा शाळेतच झोपतात. ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही घरोघर जाऊन यादी करतो. आणि खरी लढाई त्या यादीतच असते. ट्रक निघायच्या आधी आई-बापाला खात्री पाहिजे की उद्यापासून पोराला जेवायला मिळणार. एका वर्षी मंजुरीचा कागद ट्रक गेल्यावर तीन आठवड्यांनी आला. तोवर आम्ही तीन शिक्षकांनी आणि किराणा दुकानदारानं मिळून उधारीवर चालवलं, आणि तरी सात मुलं हातातनं गेली, कारण त्यांच्या आई-बापांना आमच्या शब्दावर भरवसा ठेवणं परवडणारं नव्हतं. सातमधल्या पाच मुली. मी त्या पाच जणींची नावं इथं लिहीत नाही, पण मला ती पाठ आहेत.

मुली मागं ठेवायला आई-बाप जास्त घाबरतात आणि ती भीती खोटी नाही. मोठ्या होत चाललेल्या पोरीला एकट्या म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सहा महिने कसं ठेवायचं? मग बरोबर न्यायचं, आणि कोपीत तरी ती कुठं सुरक्षित, मग लग्नच लावून द्यायचं, म्हणजे जबाबदारी उतरली आणि वर एक कोयता तयार झाला, त्यावर उचलही मिळते. बालविवाह बंद करा म्हणून आम्ही फेऱ्या काढतो, घोषणा देतो, ते केलंच पाहिजे. पण ज्या वर्षी वसतिगृह वेळेवर सुरू होतं आणि तिथं रात्री एक विश्वासाची बाई झोपायला असते, त्या वर्षी आमच्या गावातली लग्नं आपोआप कमी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अक्काचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. लगेच त्याच हंगामात नवऱ्याबरोबर कोयता.

जी मुलं जातातच त्यांच्याबरोबर आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, यानं अमुक इयत्तेपर्यंत शिक्षण घेतलंय, जिथं जाईल तिथल्या शाळेनं बसवून घ्यावं. बरीच कार्डं पेटीच्या तळाशीच राहतात. म्हणून मी फोन करतो. मुकादमाकडनं टोळी कुठं उतरली ते विचारायचं, जवळच्या शाळेचा नंबर शोधायचा, तिथल्या मुख्याध्यापकांना सांगायचं की तुमच्या गावाबाहेर कोप्या पडल्यात, त्यात माझी चार मुलं आहेत. कधी समोरून थंड उत्तर येतं. पण दोन वर्षांपूर्वी सांगलीकडच्या एका बाईंनी, मुख्याध्यापिका होत्या, माझा फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी गाडीवर बसून कोपीवर गेल्या. दुसऱ्या दिवशी मला फोटो आला, चारही मुलं वर्गात, एकीच्या कडेवर लहान भाऊ. बाईंनी खाली लिहिलं होतं, भावासकट बसवून घेतलंय. मी तो फोटो बघितला आणि उठून बाहेर गेलो, कारण वर्गात मुलांसमोर रडता येत नाही.

तिसरी-चौथीला मी नकाशा फार मन लावून शिकवतो. सातारा जिल्हा तर फळ्यावर मोठा काढतो. हे नायगाव, इथं सावित्रीबाई जन्मल्या, १८३१. हे कटगुण, जोतीरावांचं मूळ गाव. हे सातारा शहर, ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव इथल्या शाळेत दाखल झाले, त्यांना बाजूला बसवायचे. हे काले, इथं रयत सुरू झाली. आणि ही कृष्णा, ती मी खडू आडवा धरून जाड काढतो. इथं कराडच्या बाहेर, बघा, इथं माझी बहीण होती. मुलं लगेच सांगायला लागतात, "सर आमचे बी तिथंच गेलेत," "सर आमचं पलीकडं, इस्लामपूरला."

भाऊबीज आमच्याकडं घाईची असते, कारण ट्रक उभे असतात. यंदा अक्का आली होती. आता ती कारखान्याला जात नाही, दाजींची कंबर गेल्यापासून दोघं गावातच मजुरीला जातात. ओवाळून झालं, मी पिशवीतनं साडी काढली. दरवर्षी देताना वाटतं की हे फारच थोडं आहे, आणि तेही मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिनं साडी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "साडी ऱ्हाऊ दे. धाकटीचा फारम भरून दी." धाकटी नववीला आहे, नकाशे नाही, तिला गणित आवडतं. तालुक्याला मुलींचं वसतिगृह झालंय, त्यात काही जागा उरल्यात असं अक्कानं बाजारात कुणाकडनं तरी ऐकलेलं, चालत जाऊन फॉर्म घेऊन आली होती, चार घड्या घालून ब्लाउजमधे ठेवलेला.

मी चष्मा लावला, पेन काढला. नाव, जन्मतारीख, आधार, बँकेचं खातं. अक्का शेजारी बसून प्रत्येक रकान्याकडं बघत होती, वाचता तिला येतं, हळू वाचते. मग तिनंच बोट ठेवलं, "हितं काय लिव्हायचं?" आईचं शिक्षण.

"पाचवी लिहू का?" मी विचारलं. "सहावी पूर्ण नाही झाली ना."

ती थोडा वेळ गप्प बसली. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता.

"सहामाही दिली व्हती मी," ती म्हणाली. "भूगोलाला पहिली आले व्हते. सहावी लिही."

मी सहावी लिहिलं.